पाव फेरा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात, माजघरातून स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्याच्या डाव्या हाताला एक फरशी चुकलेली आहे. ती तडकलेली नाही की टवका उडालेली नाही. बाकीच्यांसारखीच आठ इंची, सायीच्या रंगाची, एका कोपऱ्यात विटकरी पाकळी आणि कडेनं काळसर हिरवी वेल. फक्त बसवणाऱ्यानं ती पाव फेरा फिरवून बसवली आहे. चार फरश्या मिळून एक फूल पुरं होतं, तिथं तीन पाकळ्या आत वळलेल्या आणि चौथी स्वयंपाकघराकडं तोंड करून बसलेली. सागरगोटे खेळताना आम्ही तिला 'रुसलेली' म्हणायचो. रुसलेलीवर पडलेला गोटा बाद.

आजोबांनी ही नक्षीची फरशी घालायच्या आधी माजघराची जमीन शेणानं सारवलेली होती. आजीची सारवणातून सुटका झाली, पण हात काही थांबला नाही. बादलीत चार थेंब रॉकेल टाकून ती गुडघ्यावर बसून रोज फरशी पुसायची. ओल्या फडक्याखाली रंग उमलल्यासारखे वर यायचे आणि वाळता वाळता पुन्हा मागं जायचे. सिमेंटच्या फरशीला चकाकी पावलांनी येते. देवघरापासून चुलीपर्यंतची वाट आमच्याकडं आरशासारखी झाली आहे, आणि कपाटाखालच्या फरश्या अजून खरबरीत, काल आणल्यासारख्या. दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी निघायची, माजघरात कधी नाही. तिथं ती आधीच काढून ठेवलेली आहे, असं आजीला वाटत असावं.

मे महिन्यात दुपारी आम्ही भावंडं त्या फरशीवर पालथी पडायचो. गार सिमेंटला गाल लावला की नक्षी दिसेनाशी व्हायची. फुलं चपटी होत होत दूर जायची आणि डोळ्यासमोर एक लांब, रंगीत पट्टा उरायचा. आमच्यानंतर माझ्या भाचीनंही तेच केलं. फरक एवढाच, की तिला त्या पट्ट्यात धावपट्टी दिसली.

भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, वैमानिक आहे. गेली काही वर्षं ती दुसऱ्यांना विमान शिकवते. सुट्टीला आली की तिची लॉगबुकं मी हट्टानं मागून घेते. मला त्यातलं फार कळत नाही, पण इतकी प्रामाणिक वही मी दुसरी पाहिलेली नाही. कुठल्या तारखेला, कुठल्या विमानात, कुठून कुठं, किती वेळ, बरोबर कोण. आधी विद्यार्थ्याचा परवाना. मग चाळीस तासांनी खासगी वैमानिकाचा. मग दोनशे तास भरले की व्यावसायिक. त्याच्या आधी, मध्ये आणि नंतर परीक्षा, वैद्यकीय तपासण्या, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. पुढं सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग आणि त्याच्याही पुढं प्रशिक्षकाचं. हवेतल्या प्रत्येक मिनिटाला जमिनीवर एक ओळ. जे.आर.डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळालेल्या परवान्यावर 1 हा आकडा होता. तेव्हापासून या देशात उडणाऱ्या प्रत्येकाच्या मागं कागदांची अशी लांब शेपटी आहे, आणि ती असायलाच हवी. आपलं मूल ज्याच्या शेजारी बसून आभाळात जातं, त्याच्या हाताला कुणीतरी तपासून पाहिलेलं असलं पाहिजे.

शिकवणारा उजव्या बाजूला बसतो आणि शिकणारा डाव्या, हे मला तिच्याकडूनच कळलं. दोघांसमोर सारखीच यंत्रं, दोघांच्या पायाशी सारखीच पेडल. विमान कुणाच्या हातात आहे ते मोठ्यानं बोलून द्यायचं आणि बोलूनच घ्यायचं. 'आय हॅव कंट्रोल' म्हटलं की समोरच्यानं हात काढून घ्यायचे. मी तिला विचारलं, "तुझे हात कुठं असतात गं त्या वेळी?"

"मांडीवर." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे मांडीवर ठेवायला शिकलो मी. आधी सारखे पुढं जायचे."

कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. इतकी वर्षं बाहेर राहून तिची ही बोली सुटलेली नाही, याचं मला फार बरं वाटतं.

"चूक दिसत असती गं आत्या. पोरानं नाक जरा जास्त वर धरलंय, वेग पडतोय, मला दिसतंय, त्याला अजून दिसायचंय. लगेच धरलं तर तो कधीच शिकणार नाही. फार वेळ सोडलं तर दोघंही गेलो. मधली जी दोन-तीन सेकंदं असतात ना, तेवढ्यासाठीच मला पगार मिळतो."

दोन-तीन सेकंदं. मी त्या रात्री झोपताना ते शब्द बराच वेळ घोळवत होते. लेकरू पहिल्यांदा उंबरा ओलांडतं तेव्हा मागं पसरलेले आईचे हात, पोहायला शिकवताना रंकाळ्यात वडिलांनी माझ्या पोटाखालून काढून घेतलेला तळवा. हात काढल्याचं मला कळलं नव्हतं, काठावरच्या आईचा चेहरा बदलला तेव्हा कळलं.

एका सुट्टीत भाची माजघरात पालथी पडली होती, आणि उठली ती वही मागत. रुसलेली फरशी तिनं लहानपणापासून पाहिली होती, पण त्या दिवशी तिच्या मनात प्रश्न आला तो असा: ही एक फिरवली तर फूल मोडतं. मग अशी फरशी का काढू नये, जी कशीही फिरवली तरी मोडणारच नाही? तिनं चौकोन काढला. प्रत्येक बाजूच्या मध्यावर खूण केली. दोन शेजारच्या बाजूंना जोडणारी एक कमान, उरलेल्या दोन बाजूंना जोडणारी दुसरी. चौकोन कसाही ठेवा, कमानीचं टोक शेजारच्या कमानीच्या टोकाला भेटतंच. संध्याकाळपर्यंत जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तिनं असे शंभरेक चौकोन कापले आणि माजघरभर मांडले. कुठं गोल झाले, कुठं नागमोडी वाटा, एक वाट तर देवघरापासून निघून कपाटाखाली गेली.

"ही पंचगंगा बघ," ती म्हणाली.

ती खरंच पंचगंगा होती. मी एकदा कोल्हापूरहून हैदराबादला विमानानं गेले होते. पंख्याचं छोटं विमान, पंख वरच्या अंगाला, त्यामुळं खिडकीतून खाली सगळं मोकळं. आयुष्यभर ज्या शेतांच्या बांधावरून मी चालले, त्यांची वरून केवढी फरशी झाली होती! उसाचे हिरवे चौकोन, तोडणी झालेले पिवळे, नांगरून पडलेले काळे. आणि त्या सगळ्या चौकोनांची पर्वा न करता कमानीला कमान जोडत गेलेली नदी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ही नावं आपण शाळेत ओळीनं म्हणतो. वरून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही नावं एकमेकींत ओतलेली आहेत. माझी भाची असं दृश्य रोज बघते. तिच्या हातून फरशी निघाली तर ती अशीच निघणार.

भावाला, म्हणजे तिच्या वडिलांना, मोठा हुरूप आला. त्यानं चौकशी केली. डिझाइनची नोंदणी करता येते, दहा वर्षांचा हक्क मिळतो, पुढं पाच वर्षं वाढवता येतो. मुख्य अट, नक्षी नवी पाहिजे. भाची शोधायला बसली आणि दोन दिवस गप्प झाली. तिसऱ्या दिवशी तिनं मला सेबास्तियाँ त्रुशेची गोष्ट सांगितली. हा फ्रान्समधला धर्मगुरू, कालव्यांची कामं जाणणारा इंजिनिअर. ओर्लेआंच्या बाजूला कालव्याच्या कामासाठी गेला असताना एका वाड्यात त्याला कर्णावर दुभागलेल्या, दोन रंगांच्या चौकोनी फरश्या दिसल्या. प्रार्थनाघरात बसवण्यासाठी आणलेल्या. एकाच फरशीला चार दिशा, मग दोन फरश्या किती तऱ्हांनी शेजारी बसतील, असं तो मोजायला लागला आणि 1704 साली त्यानं त्यावर निबंध लिहिला. पुढं 1987 मध्ये सिरिल स्टॅन्ली स्मिथ या धातुशास्त्रज्ञानं त्याच कल्पनेत कर्णाच्या जागी कमानी आणल्या. भाचीनं कॅलेंडरांच्या पाठीवर कापलेल्या कमानी त्याच्याच भावकीतल्या.

मला वाईट वाटलं. ती मात्र खुलली होती. "आत्या, तीनशे वर्षांपूर्वी हा माणूस पाण्याचं काम करायला गेला आणि फरशीपाशी थांबला. मी पण थांबलो. आमची ओळख झाली की नाही?"

असं थांबणाऱ्यांची जात मोठी असावी. अमेरिकेत मार्जोरी राइस नावाच्या एक गृहिणी होत्या. गणित शाळेत झालं तेवढंच. 1975 साली घरी येणाऱ्या मासिकात मार्टिन गार्डनर यांचा लेख त्यांनी वाचला. पाच बाजूंच्या कोणकोणत्या आकारांनी जमीन फट न ठेवता भरता येते, याच्याबद्दलचा. आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर त्या आकृत्या काढू लागल्या. कुणी आलं की कागद झाकायच्या. खुणा लिहायची पद्धतही त्यांनी स्वतःच तयार केली, कारण गणितातली त्यांना येत नव्हती. जाणत्यांच्या यादीत नसलेले चार प्रकार त्यांनी शोधून काढले. त्यातल्या एकाची फरशी पुढं वॉशिंग्टनमध्ये गणितज्ञांच्या संघटनेच्या इमारतीत प्रवेशाशीच घातली गेली. मी गणितात कायम काठावर पास झाले, त्या आकृत्या मला नीट समजतही नाहीत. पण पोळ्या झाल्यावर पीठ झटकून त्याच ओट्यावर कागद पसरणारी बाई मला दिसते. दारावर थाप पडल्यावर त्या कागदांवर घाईनं घातलेला टॉवेल दिसतो. आपल्याकडं ठिपक्यांच्या रांगोळ्या कितीजणींनी नव्यानं जुळवल्या असतील आणि सकाळी सड्याच्या पाण्याबरोबर त्या वाहून गेल्या असतील, हे मनात आलं की घशाशी काहीतरी येतं.

कोल्हापुरात तर प्रमाणपत्राच्या कागदाविना हातानं करून दाखवणाऱ्यांची परंपराच आहे. आमच्या घरापासून चालत खरी कॉर्नरला गेलं की कॅमेऱ्याचा स्तंभ लागतो. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. औपचारिक शिक्षण जेमतेम. आनंदराव आणि ते, नात्यातल्या दोघा भावांनी पडदे रंगवता रंगवता सिनेमाचं वेड घेतलं. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा गावातच घडवला आणि 1920 साली त्याच्यावर घेतलेला 'सैरंध्री' पडद्यावर आला. विमानाचं वेडही इथं जुनंच. उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला तो राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये. आमच्या लहानपणी तिथं क्वचितच काही उतरायचं. आम्ही सायकलीवरून जायचो आणि कुंपणाबाहेरून रिकामी धावपट्टी बघून परत यायचो. त्या रिकाम्या पट्टीचंही आम्हाला अप्रूप होतं.

आणि हातानं करून दाखवणाऱ्यांतले अलीकडचे कॅप्टन अमोल यादव. तेव्हा एअरलाइनचे वैमानिक, म्हणजे कागद सगळे जागच्या जागी. पण त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचं विमान बांधलं. चालवायचा परवाना होता, बांधलेल्याला नोंदणी मिळायला 2017 उजाडलं. त्या बातमीचा फोटो भाचीनं कापून लॉगबुकात ठेवला आहे. गच्ची, तिच्यावर विमान. मला त्या फोटोत कधीच न भेटलेल्या त्या घरातल्या बायका दिसतात, वाळवणं कुठं घालायची याचा विचार करणाऱ्या.

डिझाइनच्या नोंदणीचा विचार भाचीनं सोडला, फरशीचा नाही. तिनं प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन तोंडं दिली, मध्यापासून सारख्या अंतरावर, आणि वाटा एकमेकींच्या वरून-खालून नेल्या. कागदावर तयार झालं तसं आम्ही दोघी शिवाजी उद्यमनगरात गेलो. फरशीच्या साच्यात बसवायची पितळी जाळी करून घ्यायची होती. तिथल्या एका मिस्त्रींनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ घेतला आणि बोट ठेवलं ते बरोबर दोन वाटा भेटतात त्या टोकावर.

"ताई, ही टोकं लई बारीक झाल्यात. घोळ आत शिरायचा न्हाई. शिरला तरी जाळी उचलताना टोक जाळीबरोबर वर येणार. हितं पोटात जरा गोलाई द्या."

भाचीनं तिथंच, त्यांच्या टेबलावर, गोलाई दिली. नक्षी एकदम भरदार झाली. मिस्त्रींनी विचारलं, "तुम्ही करता काय?" "विमान शिकवतो मी." त्यांनी मान डोलावली आणि पंखाला कुठला पत्रा असतो, रिव्हेट कुठल्या मापाची, डोकं आत बसवतात की वर ठेवतात, हे विचारायला सुरुवात केली. अर्धा तास दोघं रिव्हेटींवर बोलत होते. कुणी कुणाचं प्रमाणपत्र विचारलं नाही. मी स्टुलावर बसून चहा घेतला आणि लेथवरून पडणारे पितळेचे पिवळे कुरळे तुकडे बघत राहिले.

फरशी तयार होताना मी पहिल्यांदाच पाहिली. हिला भट्टी लागत नाही. साच्याच्या तळाशी गुळगुळीत लोखंडी पाट, त्यावर जाळी. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचा दह्यासारखा घोळ पळीनं एकेका कप्प्यात सोडायचा. मग जाळी सरळ वर उचलायची. हात थरथरला की रंग एकमेकांत गेले. त्यावर कोरडं सिमेंट आणि वाळू भुरभुरायची, ती ओल ओढून घेते, वर जाड थर, आणि प्रेसचा दाब. मग काही दिवस पाण्याच्या हौदात. नक्षी या सगळ्या वेळात तोंड खाली करून असते. करणारा पाठीच्या बाजूनं काम करतो आणि चेहरा शेवटी बघतो.

त्या पाठीवरून आठवलं. मध्यंतरी नळाची पाइप बदलताना माजघरातल्या दोन फरश्या उचलाव्या लागल्या. पाठीवर कारखान्याचा ठसा होता, पण चुन्यात आणि ओलीत झिजून गेलेला, एका अक्षराचा काना तेवढा लागत होता. मुंबईत 1922 साली सिधवा कुटुंबानं स्वदेशीच्या ओढीनं भारत टाइल्स सुरू केली. तोपर्यंत असल्या देखण्या फरश्या म्हणजे बहुतेक विलायतेतून आलेला माल. आमच्या फरश्या त्यांच्या की आणखी कुणाच्या, तो काना काही सांगत नव्हता. आणि कारखान्याचं नाव लागलं असतं तरी घोळ ओतणाऱ्याचं लागलं नसतं. रुसलेली बसवणाऱ्या गवंड्याचं तर नाहीच. त्याला ती दिसली नसेल असं मला वाटत नाही. उंबऱ्यापाशी आहे, येता-जाता पायाखाली. चुना ओला होता, काढून फिरवता आली असती. आजोबा शेजारी उभे असतील, तेही काही बोलले नाहीत. का, हे विचारायला आता कुणी नाही.

गेल्या महिन्यात सोप्यातली खचलेली शाहाबादी काढली आणि भाचीच्या फरश्या बसवायला घेतल्या. गवंडी वयस्कर, चाळीस वर्षं हेच काम. दोरी ताणली, गुण्या लावून कोपरा बघितला, पहिली फरशी उचलली आणि विचारलं, "हिचं तोंड कुठलं?"

"कशीही लावा मामा. कशीही चालती."

त्यांनी फरशी फिरवून बघितली. पुन्हा फिरवली. आयुष्यभर ज्यांनी फूल जुळवून दिलं, त्यांना 'कशीही' हे माप ठाऊक नव्हतं. पहिली ओळ त्यांनी सगळ्या फरश्या एकाच दिशेनं लावली. दुसरीतही तसंच. तिसऱ्या ओळीत एक फरशी हातातून निसटून फिरली आणि तशीच बसली. त्यांचा हात ती उचलायला गेला आणि थांबला, कारण वाट तुटली नव्हती. ती वळून भिंतीकडं गेली होती. मामांनी तिच्याकडं बघितलं. पुढची फरशी त्यांनी स्वतः फिरवली. मग त्याच्या पुढची.

जेवणवेळ टळून गेली, कुणी कुणाला हाक मारली नाही. दारापासल्या कोपऱ्यात शेवटची एक जागा उरली होती. मामा फरशी दोन्ही हातांत धरून उकिडवे बसले होते, अर्धा फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. मी भाचीकडं पाहिलं. ती सोप्याच्या पायरीवर त्यांच्या उजव्या बाजूला बसली होती, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते.